सतरा भुतांचा एक संग्रह कसा होतो

प्रश्न थोडक्यात असा: नऊ-दहा वर्षांत भुतं, राक्षस आणि विचित्र प्राण्यांवरच्या सतरा कथा लिहून झाल्या आहेत. सहा दिवाळी अंकांत आल्या, बाकीच्या अप्रकाशित. बहुतेक कथा तळकोकणात आणि गोव्यात घडतात. सुट्या वाचणाऱ्याला आवडतात, पण ओळीनं वाचून दाखवल्या की चौथ्या-पाचव्या कथेला ऐकणारा जांभया देतो. पुस्तक करायचं तर काय करावं?

जांभई येते ती कथा वाईट आहे म्हणून नाही. चौथ्या कथेपर्यंत ऐकणाऱ्याला तुमची खोड कळलेली असते. एकेकट्या कथेत खपून जाणारी सवय संग्रहात उघडी पडते. दिवाळी अंकात तुमच्या कथेच्या आधी कुणाचा तरी प्रवासलेख आणि नंतर कुणाची तरी कविता असते, त्यामुळे दर वेळी वाचक ताजा येतो. पुस्तकात तुमच्या हडळीच्या शेजारी तुमचीच जखीण बसते, आणि दोघी एकाच पद्धतीनं दारात उभ्या राहतात. भीती एकदा चालते, दुसऱ्यांदा ओळखीची होते, तिसऱ्यांदा वाचक तिची वाट बघत बसतो.

म्हणून आधी कथा दुरुस्त करू नका, आधी त्यांचा तक्ता करा. एक्सेल असेल तर उत्तम, नाहीतर आडवी धरलेली वही. सतरा ओळी, सात रकाने: कोण आहे, त्याचा नियम काय, त्याला काय हवंय, त्याला कोण बघतं, पहिली खूण कितव्या शब्दाला येते, प्रत्यक्ष दर्शन कितव्या शब्दाला होतं, शेवट कसा होतो. शब्दसंख्येचे दोन रकाने सोडून बाकीचे कथा न उघडता, आठवून भरा. जिथे अडाल तिथे कथेतही तीच जागा पोकळ आहे, असं समजायला हरकत नाही.

यातला दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडचं भूत नुसतं भयानक नसतं, ते कशात तरी अडकलेलं असतं, आणि कशात अडकलंय त्यावरून ते काय करू शकतं नि काय नाही हे ठरतं. मुंज लागली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. पिंपळावर राहतो, आणि अर्धवट राहिलेलं पुढचं आयुष्य मागतो. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण, तिची ओढ मुलाकडे. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा, त्याचा जोर पाण्याजवळच. चकवा मारत नाही, फक्त वाट फिरवतो. पहाटेपर्यंत माणूस एकाच बांधाला येऊन पोचत राहतो. हाकामारी रात्री नावानं हाक मारते, आणि ‘ओ’ दिली की संपलं. नियम एका वाक्यात सांगता येतो म्हणून तर या गोष्टी शे-दोनशे वर्षं तोंडी टिकल्या. तुमच्या सतरा ओळींत ‘रात्री येते आणि मारते’ असा नियम किती ठिकाणी लिहिला गेला ते मोजा. पाचाच्या वर असेल तर जांभईचं कारण सापडलं.

नियम परंपरेतलाच घ्यायला हवा असं नाही. नवं काहीतरी रचा, बोअरवेलमधलं, लिफ्टमधलं, रेतीच्या डंपरमधलं. पण रचलेला नियम कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशात वाचकाच्या हाती द्या आणि शेवटी तो मोडू नका. भुताला ऐन वेळी जास्तीची शक्ती देणं ही या प्रकारातली सर्वात स्वस्त लबाडी. हाकामारीनं एका हाकेत न भागल्यावर खिडकी फोडून आत यायचं असेल, तर आधीची सगळी हाकाहाक कशासाठी होती? उलट नियम पाळूनच ती आत येऊ शकली तर कथा उभी राहते. समजा, घरात त्याच नावाचं तान्हं बाळ आहे, आणि झोपेत त्यानं हुंकार दिला.

तळकोकण आणि गोव्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे घाटावरून लिहिणारे हमखास चुकतात. वेताळ हा तिथे भूत नाही, देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरून वहाणा झिजतात म्हणून. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत, मूर्ती आहेत, जत्रा आहेत. देवचाराचंही तसंच. कुणाला तो भ्यायचा, कुणाला तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा राखणदार. त्याला गाऱ्हाणं घालतात, त्याच्याशी बोलणी करतात. त्यामुळे ‘वेताळानं गावातल्या पाच जणांना खाल्लं’ अशी कथा सावंतवाडीच्या वाचकाला भीतीदायक वाटत नाही, अडाणी वाटते. तीच कथा अशी फिरवा की गावानं कबूल केलेल्या वहाणा दिल्या नाहीत आणि राखणदारानं फक्त फिरणं थांबवलं. मग जे काही इतके दिवस शिवेबाहेर अडून होतं ते आत आलं. राक्षस दुसरा कुणीतरी, आणि दोष गावाचा.

दुसरी अडचण नाजूक आहे. आपल्या भुतांना जात, धर्म आणि बाईपण चिकटलेलं आहे. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, खवीस मुसलमानाचा, आणि हडळ, जखीण, लावसट या सगळ्या बायकाच. हे जसंच्या तसं उचललं तर संग्रह नकळत जुने हिशेब पुढे चालवतो. टाळलं तर कथा बेचव होते. उपाय म्हणजे तिसरा रकाना, ‘त्याला काय हवंय’, तो प्रामाणिकपणे भरायचा. जी बाई बाळंतपणात गेली तिला दवाखान्यात का नेलं नव्हतं, हे तिला ठाऊक आहे. तेवढं तुम्हाला ठाऊक असलं की ती नुसती उलट्या पायांची राहत नाही. आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहून खऱ्या गावाचं, खऱ्या घराण्याचं नाव देऊ नका. कुणाला करणी करणारी ठरवणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कथेवर काही बंदी नाही. पण ओळखता येईल अशी जिवंत बाई ‘सत्य घटना’ म्हणून छापलीत, तर तिला त्याच गावात राहायचं असतं.

आता प्रत्यक्ष दर्शनाबद्दल. अडीच हजार शब्दांची कथा असेल तर पहिली खूण चारशे शब्दांच्या आत यावी आणि दर्शन पंधराशेच्या आधी नको. दर्शन झालं की प्राण्याला पूर्ण उजेडात शंभरेक शब्दांपेक्षा जास्त उभं करू नका; त्यानंतर वाचक त्याची मापं घ्यायला लागतो. विशेषणांचं काय होतं ते बघा. पहिल्या खर्ड्यात साधारण असं असतं:

‘दारात ती उभी होती. मोकळे केस, रक्ताळलेले डोळे, हिरवं लुगडं आणि उलटे पाय! तिचं भेसूर हसणं ऐकून सुमतीच्या काळजाचा ठोका चुकला.’

हेच असं करता येतं:

‘पडवी संध्याकाळीच सारवली होती. ओल्या शेणावर पावलं उमटली होती, उंबऱ्याकडून अंगणाकडे, बाहेर गेलेली. सुमतीला हायसं वाटलं. आजीनं कंदील खाली धरला, टाचा पाहिल्या, चवडे पाहिले, आणि काही न बोलता ती आतल्या खोल्यांना बाहेरून कड्या घालत सुटली.’

उलटे पाय हा नियम मराठी वाचकाला शाळेत असल्यापासून माहीत आहे. म्हणून तो सांगायचा नाही, वापरायचा. बाहेर गेलेली पावलं म्हणजे आत आलेली बाई, हे गणित वाचकाला स्वतः करू द्या. कड्यांनंतर ‘कारण ती आत आली होती’ असं वाक्य सुचेल. खोडा.

शेवटाचा रकाना भरल्यावर तुम्हाला बहुधा चारच प्रकार दिसतील: माणूस मरतो, सांगणाराच भूत निघतो, सगळं ताप किंवा स्वप्न होतं, भुताला हवं ते मिळतं आणि ते जातं. यातला तिसरा सरळ काढून टाका, पैसे देऊन पुस्तक घेणाऱ्याची ती फसवणूक आहे. दुसरा संग्रहात एकदाच. आणि तो कुठे ठेवायचा याला महत्त्व आहे: पहिल्या दोन-तीन कथांत ठेवलात तर पुढच्या प्रत्येक ‘मी’कडे वाचक संशयानं बघतो, अगदी शेवटी ठेवलात तर अपेक्षितच असतो. उत्तरार्धाच्या मध्यावर, एखाद्या शांत कथेनंतर तो बसतो.

सतरापैकी बारा-तेरा ठेवा. कुठल्या काढायच्या? नियम एकच असलेल्या दोन कथांपैकी कमकुवत ती. दिवाळी अंकात आलेली आहे म्हणून ठेवायची नाही. संपादकाला ऑगस्टमध्ये पानं भरायची घाई असते. राहिलेल्यांची शीर्षकं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठीवर नियम आणि जागा टिपा (पाणी, झाड, घर, रस्ता), आणि जमिनीवर मांडा. पाण्याच्या दोन कथा शेजारी येऊ देऊ नका. पहिली कथा छोटी, पंधराशे ते दोन हजार शब्दांची, जिचा नियम लख्ख कळतो. दुसरी तिच्या विरुद्ध स्वभावाची, जमल्यास थोडी मिस्कील. कोकणी माणूस भुताची टिंगलही करतो, हे संग्रहात कुठेतरी दिसायलाच हवं. सर्वात लांब कथा साधारण दोन-तृतीयांशावर. सर्वोत्तम कथा शेवटी ठेवायचा मोह होतो, पण पुष्कळ वाचक शेवटपर्यंत पोचतच नाहीत. ती तिसरी किंवा चौथी ठेवा, म्हणजे नेमकी जांभईच्या जागी.

सगळ्या कथांना एका सूत्रात ओवायचं असेल तर आपल्याकडे त्याचा नमुना जुना आहे. वेतालपंचविशीत राजानं प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालायचं असतं. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील असं बजावतो. राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. शेवटच्या कोड्याला उत्तर सुचत नाही म्हणून राजा गप्प राहतो, आणि तिथे फेरा थांबतो. बघा, इथे चौकटीलाही नियम आहे, आणि तो नियमच तिला संपवतो. नुसतं ‘पावसाळ्यात पाच मित्र वाड्यात अडकले आणि गोष्टी सांगू लागले’ ही चौकट नव्हे, ते फडताळ झालं. चौकटीला स्वतःचा नियम देता येत नसेल तर चौकटच नको.

भाषेच्या बाजूनं तीन-चार ठिकाणी हात फिरवा. संगणकावर शोध घेऊन ‘किर्र’, ‘भेसूर’, ‘काळाकुट्ट’, ‘काळजात धस्स’, ‘अंगावर काटा’, ‘घामानं डबडबला’ हे अख्ख्या संग्रहात किती वेळा येतात ते मोजा. प्रत्येकी एकदा परवडतं. मोबाइलला रेंज नसणं हेही संग्रहात एकदाच.

भुतं नाकातून बोलतात ही सांगण्याची जुनी तऱ्हा. ती छापताना अक्षरागणिक अनुस्वार देतात: ‘मींच तीं, दांर उंघड’. एका वाक्यापुरतं छान दिसतं, अर्ध्या पानावर डोळे दुखतात, आणि मुद्रितशोधक शहाणा असेल तर सगळे अनुस्वार काढून टाकतो. त्यापेक्षा पहिल्या वाक्याला नाकातला आवाज सांगून टाका आणि पुढे साधं लिहा. मालवणी संवादांत एक लेखन ठरवून घ्या: ‘खंय’ की ‘खय’, ‘व्हता’ की ‘होता’. पहिल्या कथेत एक नि नवव्या कथेत दुसरं नको. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत हे सोयीचं. पण भूत प्रमाण मराठीत बोलायला लागलं तर ते मुद्दाम असू द्या. गावातलं सगळं माणूस मालवणी बोलतंय आणि माडाखालचं कुणीतरी शुद्ध पुस्तकी मराठीत पत्ता विचारतंय, यात चांगलीच धास्ती आहे.

अमावास्या किती कथांत आहे तेही मोजा, आणि चंद्र तपासा. कृष्ण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून त्या दिवशी रात्री नऊला चांदण्यात बाई दिसणं शक्य नाही. शुक्ल पंचमीचा चंद्र दहा-साडेदहाला मावळतो. खाडीच्या कथेत भरती-ओहोटी बघायला विसरू नका. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-साडेअकराच्या सुमारास, आणि तीही उधाणाची. तेव्हा अमावास्येच्या मध्यरात्री उघड्या पडलेल्या खाडीतून चालत येणारा माणूस देवगडच्या वाचकाला भुताआधी खोटा वाटतो. त्याच माणसाला अष्टमीला आणा, मध्यरात्रीच्या ओहोटीला तो आरामात येईल.

आता पानांचा हिशेब, कारण प्रकाशक पहिल्यांदा तेच विचारेल. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर नेहमीच्या टायपात २८०-२९० शब्द बसतात. तेरा कथा, सरासरी २,८०० शब्द, म्हणजे ३६,४०० शब्द, सुमारे १२८ पानं. प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू केली तर कथेमागे सरासरी अर्धं पान वाया जातं, म्हणजे सहा-सात पानं वाढली. उजव्या पानावरच सुरू करायचा हट्ट असेल तर आणखी तितकीच. सुरुवातीची आठ पानं धरून बेरीज दीडशेच्या आसपास जाते. छपाई १६ पानांच्या फॉर्मात होते. १४४ला नऊ फॉर्म, १६०ला दहा. म्हणजे उजव्या पानाचा हट्ट सोडला तर नऊ फॉर्मांत बसता येतं, फार तर एखादी कथा थोडी कापावी लागेल. आतला कागद ७० जीएसएमचा, पिवळसर नॅचरल शेड. पांढराशुभ्र कागद या विषयाला शोभत नाही. मुखपृष्ठावर प्राणी दाखवू नका. चित्रकार सुंदर काढेल, आणि मग वाचक तेरा कथांत तोच एक प्राणी बघेल.

दिवाळी अंकांत आलेल्या सहा कथांबद्दल: तुम्ही त्या अंकाचे पगारी नोकर नव्हतात आणि लेखी, सहीनिशी हक्क दिले नव्हते, तर कॉपीराइट तुमचाच आहे. भारतीय कायद्यात हक्क-हस्तांतर तोंडी होत नाही. तरी कोणत्या अंकात, कोणत्या वर्षी आली याची पूर्वप्रसिद्धीची नोंद पुस्तकात करा, रीत आहे. त्या अंकातलं रेखाचित्र मात्र चित्रकाराचं, ते हवं असेल तर त्याची वेगळी लेखी परवानगी. प्रकाशकाशी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑडिओचे हक्क वेगळे नमूद करा. भयकथा ऐकायला लोकांना आवडतात, आणि पुढे कदाचित हाच भाग जास्त चालेल. आजीनं सांगितलेली लोककथा कुणाच्या मालकीची नसते, पण ती कुणी आधी छापली असेल तर त्याचे शब्द त्याचे. गोष्ट घ्या, वाक्य घेऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा.

प्रस्तावनेत भुतांची ओळख करून देऊ नका, शब्दसूचीही नको. ‘अळवंतीण’ माहीत नसलेल्या पुण्या-नागपूरच्या वाचकाला कथेतल्याच कुणाच्या तरी तोंडून कळू दे.

शेवटी मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं. जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत असतील आणि त्या युनिकोडमध्ये बदलून घेणार असाल तर तुमच्या विषयावरच घाला येतो: ‘गिऱ्हा’चा ‘गिर्हा’ होतो, ‘गाऱ्हाणं’चं ‘गार्हाणं’, ‘दऱ्या’चं ‘दर्या’. शेवटचा प्रकार सर्वात वाईट, कारण डोंगरातली कथा एकदम समुद्रावर जाते आणि शब्दतपासणीला काही चूक दिसत नाही. हे शब्द एकेक करून शोधा, सरसकट बदल करू नका, खरा ‘दर्या’ही कुठेतरी असेलच.

पानं लागून आली की प्रत्येक कथेतलं दर्शनाचं वाक्य कुठल्या पानावर पडलंय ते बघा. उजव्या पानावर पडलं असेल तर डावं पान वाचता वाचता डोळा तिकडे जातो आणि सगळं फुकट. ते पान उलटल्यावर, म्हणजे डाव्या पानाच्या माथ्यावर यायला हवं. मांडणीकाराला सांगून चार-पाच ओळी मागेपुढे करून घेता येतात: एखादा परिच्छेद जोडा, एखादा तोडा. तेरा कथांचं हे काम एका दुपारचं आहे, फक्त ते सर्व दुरुस्त्या झाल्यावरच करा. आधी केलंत आणि नंतर दोन ओळी कापल्यात, तर बाई पुन्हा चुकीच्या दारात उभी.